गोळी एक, औषधं दोन: ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल जपून कसं घ्यायचं

रात्री आठला पाळी सुटली की यंत्रमागावरची माणसं आमच्या मेडिकलच्या काउंटरवर येतात. भुवयांवर सुताचा पांढरा भुगा तसाच असतो. त्यातला एखादा खिशातून स्ट्रिपचा कापलेला तुकडा काढून काचेवर ठेवतो. तुकड्याला दोनच घरं, दोन्ही रिकामी. मागच्या चंदेरी कागदावर 325 हा आकडा आणि नावाची पहिली चार अक्षरं, बाकी सगळं कात्रीत गेलेलं. "नोप्पी गोळी. हीच द्या." सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात आणि नोप्पी म्हणजे दुखणं.

चिठ्ठी मागितली की चेहरा पडतो. "मागच्या वेळी दुसऱ्या मेडिकलवाल्यानं दिली होती की."

ही गोळी वाईट नाही. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, कंबरेतली नस दबली आणि साध्या गोळीने भागेना, तर डॉक्टर विचार करूनच ती लिहितात. गोंधळ होतो तो तिला 'दुखण्याची गोळी' असं एकच नाव पडल्यामुळे. प्रत्यक्षात तिच्यात दोन औषधं आहेत आणि दोघांचे धोके वेगवेगळे. एकाचा हिशोब ठेवला आणि दुसऱ्याचा राहिला, की माणूस अडचणीत येतो.

तिच्यात आहे काय

नेहमी मिळणाऱ्या गोळीत ट्रामाडॉल 37.5 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम असतं. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचं, पण कारखान्यात तयार केलेलं औषध. मेंदूत आणि मज्जारज्जूत अफू, मॉर्फिन जिथे जाऊन बसतात तिथेच ते बसतं आणि वेदनेचा निरोप अडवतं. शिवाय मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायनंही वाढवतं. हे दुसरं काम लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

लिव्हरमध्ये रूपांतर झाल्याशिवाय ट्रामाडॉलचा पूर्ण जोर लागत नाही. हे रूपांतर कुणाच्या शरीरात झपाट्याने होतं, कुणाच्या फारच कमी. त्यामुळे शेजारी एका गोळीत गाढ झोपतो आणि तुमचं दुखणं जागचं हलत नाही. म्हणून शेजाऱ्याचा अनुभव इथे कामाचा नाही, त्याची उरलेली स्ट्रिप तर अजिबात नाही.

पॅरासिटामॉल सगळ्यांच्या ओळखीचं. तापाला आपण घेतो तेच.

काउंटरवरच करायची कामं

ट्रामाडॉल शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, आणि एप्रिल 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं आहे. चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही. आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. नाव विचारलं म्हणून रागावू नका. जो मेडिकलवाला काहीच न विचारता गोळी पुढे सरकवतो, त्याच्यापासून खरं तर जपायला हवं.

स्ट्रिप हातात आली की उलटी करा. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून द्या, त्याखालचं बारीक अक्षर वाचा. ट्रामाडॉल किती, पॅरासिटामॉल किती, मुदत कधीची. इंग्रजी वाचता येत नसेल तर आमच्याकडून मराठीत लिहून घ्या, हे आमचं कामच आहे. अर्धी स्ट्रिप घेत असाल तर नाव आणि मुदत असलेला भाग आपल्याकडे ठेवायला सांगा, किंवा मोबाइलमध्ये पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढून घ्या. कापलेल्या तुकड्यावरून औषध ओळखणं हा आमच्या धंद्यातला रोजचा जुगार आहे आणि मी तो खेळत नाही.

आणखी एक. नुसत्या ट्रामाडॉलची 50 ची कॅप्सूल वेगळी, हळूहळू सुटणारी 100 ची गोळी वेगळी आणि ही जोडगोळी वेगळी. "मागच्या वेळची ट्रामाडॉल" एवढ्यावर बदलाबदल चालत नाही.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा

ओपीडीत गर्दी असते, दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत हे सांगून टाका.

फिट येते का, किंवा पूर्वी कधी आली होती का? डोक्याला मार लागला आहे का? ट्रामाडॉलने झटके येऊ शकतात, आणि ज्याला आधीपासून मिरगी आहे त्याला धोका जास्त.

दमा, जुना खोकला, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे का? हे औषध श्वास मंदावू शकतं. वर्षानुवर्षं मागावर सुताची धूळ किंवा विडीच्या तंबाखूचा भुगा छातीत घेतलेल्या माणसाने तर "थोडा खोकला असतो, ते काय सांगायचं" असं म्हणूच नये.

किडनी किंवा लिव्हरचा आजार, कावीळ होऊन गेलेली असणं, रोजची दारू. किडनी फारच कमी चालत असेल तर दोन डोसांत बारा-बारा तासांचं अंतर ठेवावं लागतं.

बाई गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही सांगायलाच हवं. औषध दुधातून बाळाला जातं आणि बाळ पेंगुळतं, त्याचा श्वास मंदावू शकतो. बारा वर्षांखालच्या मुलाला तर ही गोळी द्यायचीच नाही. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या अठराच्या आतल्या मुलालाही नाही.

चालू औषधं सांगताना नावं आठवत नसतील तर सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. सोलापुरात कंबरदुखीच्या चिठ्ठीत नेहमी दिसणारं एक नाव म्हणजे प्रीगाबालिन. नसांसाठी चांगलं औषध, पण गुंगी आणणारं. ते आणि ट्रामाडॉल एकत्र आले की गुंगी दुप्पट आणि श्वासावर ओझं. डॉक्टरांनी विचार करून दोन्ही दिली असतील तर ठीक. पण एक एका डॉक्टरांनी दिलं आहे आणि दुसरं दुसऱ्यांनी, आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही, हे आमच्या काउंटरवर अनेकदा दिसतं. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम, गुंगी आणणारी खोकल्याची औषधं यांचंही तसंच.

आता ते सेरोटोनिन. नैराश्यावरची एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं, अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान, औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं लिनेझोलिड, काही खोकल्याच्या बाटल्यांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांच्याबरोबर ट्रामाडॉल घेतलं तर सेरोटोनिन हद्दीबाहेर वाढू शकतं. मग माणूस बेचैन होतो, घामाने निथळतो, अंग थरथरतं, ताप चढतो, छाती धडधडते, पाय झटके देतात. एप्रिल-मेमध्ये, पारा 43 वर असताना, सोलापुरात हे चित्र पाहून घरचे काय म्हणणार? ऊन लागलं. डोक्यावर ओला पंचा ठेवून ताक पाजतील. गोळी चालू असताना असं झालं तर गोळी थांबवा, लगेच दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव आधी सांगा.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर त्यासाठीची रक्ततपासणी लवकर करून घ्यावी लागते. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर या औषधाने खाली जाऊ शकते, तेव्हा घाम, थरथर, गरगर वाटलं की आधी साखर तपासा.

पहिली गोळी कामावर जाताना नाही

पहिला डोस घरी, शक्यतो जेवण झाल्यावर रात्री घ्या. रिकाम्या पोटी घेतली तर विष होते असं नाही, पण मळमळ जास्त होते. पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर गिळा, चावू नका, कुटू नका. साधारण तासाभरात आराम पडायला लागतो, पूर्ण जोर दोन-तीन तासांनी. वीस मिनिटांत फरक नाही म्हणून दुसरी घेणारे लोक नेमके या गणितात फसतात.

सुरुवातीला चक्कर, झोप, मळमळ, तोंड कोरडं पडणं, खाज हे होऊ शकतं. अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, मग पाय खाली सोडा, मग उभे राहा. म्हाताऱ्या माणसाला रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत असू द्या. ज्या गोळीने गुडघ्याचं दुखणं थांबवायचं तिच्याच गुंगीत खुबा मोडला, असं घरात व्हायला नको.

आपल्यावर काय परिणाम होतो हे कळेपर्यंत गाडी चालवू नका, आणि माग तर नाहीच. धोटा, पट्टा, फिरतं चाक, वर धाग्याची गाठ मारताना हात कुठे जातो ते सगळे जाणतात. डुलकी अर्ध्या सेकंदाची पुरते. पाळी चुकली की पगार चुकतो, हे मला माहीत आहे. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी यंत्रावर काम करतो." वेळा बदलता येतात, औषधही बदलता येतं.

दारू बंद म्हणजे बंद. शिंदी म्हणजे झाडाचंच पाणी की, असं एक गिऱ्हाईक माझ्याशी वाद घालत होतं. गोळीला झाड कळत नाही, अल्कोहोल कळतं.

हिशोबाची वही

डॉक्टरांनी लिहिलेला डोस हाच तुमचा डोस. आपली कमाल मर्यादा मात्र प्रत्येकाला माहीत असावी. धडधाकट मोठ्या माणसाला, थोड्या दिवसांच्या तीव्र दुखण्यासाठी, चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर जायचं नाही. आठ गोळ्या म्हणजे ट्रामाडॉल 300 आणि पॅरासिटामॉल 2600 मिलिग्रॅम. ही छताची उंची आहे. तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नव्हे, आणि बहुतेकांचं याच्या अर्ध्यात भागतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर दोन डोसांत किमान सहा तास जाऊ द्या. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरपाई करू नका.

आता पॅरासिटामॉल. मोठ्या निरोगी माणसाला दिवसाची मर्यादा 4000 मिलिग्रॅम. वजन कमी, रोजची दारू, लिव्हर नाजूक, असं असेल तर डॉक्टर ती बरीच खाली, कधी 2000 वर आणतात. समजा एका माणसाला ही गोळी दोन-दोन अशी तीन वेळा सांगितली आहे. सहा गोळ्यांतून 1950 मिलिग्रॅम गेलं. त्याला कणकण वाटली, त्याने डोलो 650 तीनदा घेतली, आणखी 1950. झाले 3900. संध्याकाळी सर्दी म्हणून सर्दीची एक गोळी, तिच्यातही पॅरासिटामॉल 500. मर्यादा ओलांडली, आणि त्याच्या लेखी त्याने एक दुखण्याची, एक तापाची, एक सर्दीची अशी तीन निरुपद्रवी औषधं घेतली. कॉम्बिफ्लाममध्येही पॅरासिटामॉल 325 आहेच.

उपाय साधा आहे. कॅलेंडरच्या मागे किंवा स्ट्रिपला रबराने अडकवलेल्या कागदावर प्रत्येक गोळीची वेळ लिहा. अक्षर येत नसेल तर रेघ मारा, दिवसाला एक ओळ. ही गोळी चालू असेपर्यंत तापा-सर्दीचं कुठलंही औषध घेताना "यात पॅरासिटामॉल आहे का" एवढं एकच वाक्य विचारा.

पोटाची गोष्ट, जी मीच विसरलो

आईचं मनगट मोडलं तेव्हा डॉक्टरांनी हीच गोळी पाच दिवस लिहिली. मीच दुकानातून नेली, वेळा लिहून दिल्या, झोप येईल म्हणून सांगितलं. पोटाचं सांगायचं राहून गेलं. इतकी वर्षं काउंटरवर उभा आहे आणि घरच्याच पेशंटला सांगितलं नाही. चार दिवस तिने कुणाला काही म्हटलं नाही. वर कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालूच होती, मे महिना होता, आणि एका हाताने तांब्या उचलता येत नाही म्हणून पाणी कमी. चौथ्या रात्री पोट धरून बसली तेव्हा कळलं. त्यातही तिने आपल्या मनाने इसबगोल सुरू केलं होतं, अर्ध्या वाटी पाण्यात. या औषधाने आतड्याची हालचालच मंदावते. अशा आतड्यात कमी पाण्यात इसबगोल टाकलं तर ते आत लगदा होऊन बसतं.

तेव्हा पहिल्या दिवसापासून पाणी वाढवा, पातळ भाजी, ताक, फळं घ्या, जमेल तेवढं घरात चाला. दोन दिवस साफ झालं नाही तर डॉक्टरांना विचारून आतड्याला चालना देणारं औषध, म्हणजे बिसाकोडिल किंवा सोनामुखीचं, घ्या. बाकीच्या तक्रारी काही दिवसांत कमी होतात, बद्धकोष्ठता मात्र गोळी असेपर्यंत राहते. लघवी अडकायला लागली तर डॉक्टरांना लगेच कळवा, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांनी विशेषतः.

या खुणा दिसल्या की थांबायचं नाही

हाक मारून, हलवून माणूस जागा होत नाही. श्वास मिनिटाला दहाच्याही खाली, किंवा घरघर करत अडखळतोय. ओठ-नखं निळी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फिट आली. यातलं काहीही झालं तर 108 ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वासाकडे लक्ष ठेवा. तोंडात पाणी, लिंबू, मिठाचं पाणी, कॉफी काही घालू नका, बोटं घालून उलटी काढायला जाऊ नका. स्ट्रिप बरोबर घ्या. श्वास परत आणणारं नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते डॉक्टरच देतील.

माणूस शुद्धीवर आहे पण गोळ्या जास्त गेल्या आहेत, मग ती चूक असो की राग, तरी लगेच न्या. पॅरासिटामॉल इथे फसवतं. पहिला दिवस जरा मळमळीत जातो, माणूस हिंडतो-फिरतो, आणि दोन-तीन दिवसांनी लिव्हर बसतं. त्यावरचा उतारा, एन-ॲसिटिलसिस्टीन, पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगलं काम करतो. "बघू सकाळी" म्हणण्यात तेच आठ तास जातात. रागाच्या भरात कुणी घेतल्या असतील तर ओरडणं, रडणं नंतर. जीवच नकोसा वाटत असेल, कुणाशी बोलावंसं वाटत असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

थकव्याची गोळी नव्हे

काउंटरवर मी एक गोष्ट कान देऊन ऐकतो. "दुखतंय" वरून "बरं वाटत नाही" वर वाक्य कधी आलं? दुखणं गेलं, पण गोळीशिवाय पाळी ओढवत नाही. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची पाठ भरून येते, हे खरं. पण रोजच्या कामाच्या थकव्याला ही गोळी लागली की शरीर तिला सरावतं. एकाच्या जागी दोन लागतात, वेळ टळली की चिडचिड, घाम, नाकाला पाणी, झोप उडणं, जुलाब, जीव घाबरा होणं. ही माणसं व्यसनी म्हणून हिणवण्याच्या लायकीची नसतात. बहुतेकांना आपण अफूच्या जातीचं काही घेत होतो हेच माहीत नसतं.

काही आठवडे रोज घेतली असेल तर एका दिवसात तोडू नका. डॉक्टर टप्प्याटप्प्याने डोस कमी करून देतात. अवघड वाटलं तर सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभागात दाखवा. वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला, असं शेजारणी म्हणतीलच. म्हणू द्या.

चार-पाच दिवसांसाठी दिलेली गोळी संपली आणि दुखणं तसंच असेल तर गोळी वाढवण्याआधी दुखण्याची तपासणी पुन्हा व्हायला हवी. पाठीला शेक, व्यायाम, बसण्याची जागा बदलणं हे सांगितलं की लोक हसतात. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम महिनाभर नेटाने केलेली दोन-तीन गिऱ्हाइकं माझी कायमची तुटली आहेत. धंद्याला वाईट, बाकी ठीक.

ठेवायच्या कुठे, टाकायच्या कुठे

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात वरच्या फळीवर हात ठेववत नाही, आणि औषधांचा डबा नेमका तिथेच असतो. डबा खाली, सावलीत, कोरड्या जागी आणि कुलपात हवा. गोळ्या मोजून ठेवा, म्हणजे कमी झाल्या तर कळेल. लहान मूल असलेल्या घरात देवळीत, टीव्हीवर, उशीखाली नको.

उरलेल्या गोळ्या "पुढच्या वेळी होतील" म्हणून जपू नका, कुणाला देऊही नका. बाकीची जुनी औषधं आपण संडासात टाकत नाही, टाकूही नयेत. पण केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये अशा मोजक्या औषधांची यादी दिली जी घरात किंवा कचऱ्यात राहण्यापेक्षा संडासात टाकून पाणी सोडलेलं बरं, आणि ट्रामाडॉल त्या यादीत आहे. कचऱ्याच्या पिशवीतून ती कुणाच्याही हाती लागते. गोळ्या बाहेर काढून टाका. रिकाम्या स्ट्रिपचा नाव दिसेल असा एक फोटो मोबाइलमध्ये राहू द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांनी "आधी काय घेत होता" विचारलं, तर खिशातून कापलेला तुकडा काढावा लागणार नाही.